डिझलचा गराशा

आधीच सांगून ठेवतो, मी काही जळकुकडा माणूस नाही. आर्णीत कोणालेबी इचारा. बसस्टँडच्या मांगं मोटारपंप रिपेरिंगचं दुकान आहे ना, रामलाल राठोडचं, तेच माहं. कोणाचं घर दोन मजली झालं, कोणाचं पोरगं साहेब झालं, माह्या पोटात कधी दुखलं नाही. पण साडू काय चीज असते, हे ज्याले साडू आहे त्यालेच समजते. एका घरच्या दोन पोरी दोघायनं केल्या, की लोक सारी जिंदगी तुमाले तराजूत घालून जोखत राह्यते.

माहा साडू सुनील उमरखेडले राह्यते. खताचं, बियाण्याचं दुकान आहे त्याचं, दणक्यात चालते. माही बायको पुष्पा मोठी, त्याची बबिता लहान, म्हणजे मानानं मी मोठा. पण मान इचारते कोण? सासरवाडीत तो आला की आमची सासू हंसाबाई, पुष्पाची याडी म्हणजे माय, खाटेवर नवी गोधडी टाकते. अन् मी गेलो की म्हणते, "जवाई, आलेच आहा तं जरा मोटार पाहून घ्या, पाणी फेकून नाही राह्यली."

आता जुन्या फटफट्यायचा नाद. हा नाद मुळात माहा. माह्या दुकानाच्या मांगच्या टिनाखाली तीन गाड्या हायेत. एक येझदी, एक जावा, अन् एक छोट्या चाकाची राजदूत, तसली आता पाहाले भेटत नाही. मी त्या पुसतो, झाकतो, चालवत मात्र नाही. रस्त्यानं चिखल उडते, जुना पार्ट गेला तं आणा कुठून? सुनील एकदा दुकानात आला, त्यानं येझदीच्या टाकीवर हात फिरवला अन् म्हणे, "साडूभाऊ, भारी शौक आहे तुमचा." मले वाटलं तारीफ करून राह्यला. दिवाळीपर्यंत त्याच्या दारात चार गाड्या उभ्या!

मारेगावले जिनिंगच्या एका रिटायर मॅनेजरच्या घरी दोन सिलिंडरची राजदूत पडून आहे, अशी खबर मलेच लागली होती. तसली गाडी जिल्ह्यात शोधून सापडत नाही. मी दोन खेपा मारल्या, त्याच्या बुडीच्या हातचा बिनसाखरेचा चहा पेलो, म्हातारा नरमला. घरी येऊन पुष्पाले सांगतलं. तिथंच चुकलो. पुष्पानं फोनवर बहिणीले सांगतलं, बहिणीनं नवऱ्याले, अन् नवऱ्यानं सकाळीच पिकअप नेऊन गाडी उचलली. वरून मलेच फोन करून म्हणते, "साडूभाऊ, तुमाले पाह्यजे होती का? मले काय माहीत!"

माहीत नव्हतं म्हणे. डोम्बल!

त्या गाड्यायसाठी त्यानं शेड बांधला. खाली टाइल्स, वरून लाइट. माह्या पोरायच्या खोलीत टाइल्स नाहीत अजून. रोज सकाळी तो फोनवर स्टेटस टाकते, काळा चष्मा लावून एकेका गाडीवर बसून. मी ते पुष्पाच्या फोनवरून पाह्यतो. माह्या फोनवरून पाह्यलं तं त्याले दिसते ना, रामलालनं पाह्यलं म्हणून.

पण या साऱ्या गाड्यायच्या वरची गाडी एकच. माह्या सासऱ्याची, मामाजीची, धावजी चव्हाणची. डिझल बुलेट.

पेट्रोलची बुलेट तुमी पाह्यली असन. मधात काही वर्ष डिझलवर चालणारी निंघत होती, मंग बंद झाली. पळत नाही फार, पण डिझल असं पेते जशी चिमणी पाणी पेते. आवाज म्हणजे टोल्यामांगं टोला. थरथर इतकी की आरसा तिच्यावर टिकतच नाही, गळून पडते. किक माराची बी एक रीत आहे. आधी हँडलजवळची खुटी दाबून इंजिनातली हवा मोकळी करा लागते, नाही तं ती किक माणसाले उलटी फेकते. मामाजीनं ती नवी घेतली तवा सासरवाडीच्या तांड्यात, म्हणजे आमच्या बंजारा लोकायच्या वस्तीत, कोणाकडं सायकलच्या वरतं काही नव्हतं. बाळंतीण अडली, तं डिझल बुलेट. कोणाले पान लागलं, म्हणजे साप चावला, तं डिझल बुलेट. तांड्यातले अर्धे लोक तिच्यावर बसूनच दवाखान्यातून जितेजागते घरी आले.

दर बजाराच्या दिवशी मामाजी तिच्यावरच आर्णीले येत. गुडघे गेले होते त्यायचे. पायी चालले की दहा जागी थांबत, पण गाडीवर बसले की ताठ. बसस्टँडकडून टोले आयकू आले की मी चहा सांगून ठेवो. दुकानासमोर गाडी लावून ते स्टुलावर बसत अन् इचारत, "जवाई, आयका आवाज. काही वेगळा वाटते का?"

मी म्हणो, "काही नाही मामाजी. जवान आहे अजून."

बस, इतकंच बोलणं. चहा पेऊन ते बजाराले जात अन् मी पंपाच्या वाइंडिंगले लागो.

यंदा पोळ्याच्या आधी सासूनं इषय काढला. देवानं पोरगा देला नाही, जवाई दोन, अन् गाडी एक. मंग कोणाची? मामाजी म्हणे, "मी आहे तवरक मीच चालवीन. माह्यामांगं कोणाची, ते पोळ्याले चार लोकायसमोर सांगून टाकतो."

झालं! सुनील आठवड्याले एक चक्कर मारू लागला. कधी मामाजीले बूट, कधी सासूले साडी. मी काय कमी आहो? मी गाडीच्या क्लच प्लेटा बदलल्या, केबलीत तेल सोडलं, सायलेन्सर उतरवून काजळी काढली. आजवर त्या इंजिनात कोणाचा हात गेला असन तं माहा. मले पक्कं वाटत होतं, गाडी मलेच.

पोळ्याच्या दोन दिवस आधी पुष्पा चहाचा कप ठेवता ठेवता म्हणे, "बाबा सुनीललेच देतीन वाटते. याडी म्हणत होती, त्याच्याकडं शेड आहे, गाडी पावसात भिजणार नाही."

शेड! माह्या हातानं वंगण घातलेली गाडी, अन् हा काळा चष्मा लावून तिच्यावर बसून फोटो काढणार? खाली लिहिणार, 'सासऱ्याचा आशीर्वाद'? मी चहा तसाच ठेवला अन् दुकानात जाऊन बसलो. एका गिऱ्हाइकाले उगीचच झापलं.

दुसऱ्या दिवशी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलायचे खांदे हळद-तुपानं शेकते, ते. मी तांड्यावर गेलतो. पाह्यतो तं काय, मामाजी अंगणात पळसाच्या पानानं गाडीच्या हँडलले तूप-हळद लावून राह्यले होते. बैलजोडी इकल्यापासून ते दरसाल असंच करत, मी आयकून होतो, पण डोळ्यानं पहिल्यांदाच पाह्यलं. हँडलवर हात फिरवत, बैलाले सांगते तसं हळूच म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ते आयकलं अन् माह्या डोक्यात खटकन लाइट लागला. मी तसाच किसनराव नाईकाच्या घरी गेलो.

किसनराव आमच्या सासरवाडीच्या तांड्याचे नाईक. जुनं माणूस, शब्द पडला की तांडा मानते. म्या म्हटलं, "नाईक, एक इचारू का? उद्या तोरणाखालून पुढं कोण जाईन?"

"ट्रॅक्टर, अजून कोण? बैल राह्यले किती?"

"बरं दिसते का हो ते? आपले लोक बैलावर मीठ लादून सारा मुलूख हिंडले, अन् त्यायच्या पोळ्यात पुढं ट्रॅक्टर! अन् आपल्या तांड्याचा गराशा कुठं गेला?"

गराशा म्हणजे देवाच्या नावानं सोडलेला बैल. तांडा चालता होता त्या जमान्यात तो सगळ्यायच्या पुढं चाले. घुंगरं, कवड्यायची झूल, डौलच वेगळा. तो जिथं बसन तिथं तांडा उतरे. म्हाताऱ्या माणसापुढं गराश्याचं नाव काढलं की त्याचा आवाजच बदलते.

किसनराव म्हणे, "माह्या आज्यानं पाह्यला होता. मी तं गोष्टीच आयकल्या. आता कुठून आणाचा?"

"आहे ना," म्या म्हटलं. "साऱ्या तांड्याच्या आधी रस्त्यानं कोण गेलं? अडल्यानडल्याले पुढं कोण धावलं? धावजीमामाच्या अंगणात उभा आहे तुमचा गराशा. आज खांदशेकणी बी झाली त्याची. उद्या चार लोकायसमोर देवाच्या नावानं सोडा. मंग त्याले कोणी इकणार नाही, कोणी कोणाले देणार नाही. साऱ्या तांड्याचा राहीन."

किसनरावच्या डोळ्यात पाणी आलं हो. त्यायनं माहा हात धरला. म्हणे, "जवाई असून तुमी आमाले आठवण करून देली." मी मान खाली घातली. आतून मात्र इतका खुश होतो की काय सांगू. मले नाही तं नाही, पण सुनीललेबी नाही!

पोळ्याच्या दिवशी आखरावर, तांड्याबाहेरच्या मोकळ्या जागेत, सारा तांडा जमला. आंब्याच्या पानायचं तोरण, डफडं, पोरीबाळी. सुनील पांढरा शर्ट घालून आलता अन् फोन काढून तयारच होता. मामाजी गाडी घेऊन आले. त्यायनं तोंड उघडाच्या आधी किसनराव पुढं झाले अन् साऱ्यायले सांगतलं. रामलालनं आठवण देली, हेबी सांगतलं. आजपासून धावजीची गाडी तांड्याचा गराशा. बायायनं जुन्या पेटीतून काढलेली आरशा-कवड्यायची झूल सीटवर टाकली, हँडलले घुंगरं बांधले. हंसाबाईनं दिव्याच्या काचेले कुकू लावलं. मंग एका पोट्ट्यानं झडती, पोळ्यात म्हणते ते जोडलेलं गाणं, म्हटली,

"चारा नाही खात, पेंड नाही खात, डिझल पेते घटाघटा,
याले पाहून ट्रॅक्टर लाजे, सरका मांगं, सोडा वाटा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

अन् लगेच दुसरी. तांड्यातले पोट्टे कोणाले सोडते का?

"दोन साडू, दोन साडू, दोघंबी आले नटून,
गाडी गेली देवाघरी, उभे राहा आता हटून!"

सारे पोट धरून हासले. मी बी हासलो. सुनीलनं फोन खिशात घातला. तोंड पाहासारखं झालतं त्याचं. मारेगावची सारी कसर त्या एका घडीत निंघाली, खोटं कायले बोलू!

मामाजी तवाबी गाडीवरच होते, पाय जमिनीले टेकवून. त्यायनं हळूच इचारलं, "नाईक, तं म्या बसाव का नाही याच्यावर?"

किसनराव मायेनं म्हणे, "गराश्यावर कोणी बसते का, धावजी?"

पुन्हा हशा पिकला. मामाजीबी हासले. मंग त्यायनं एक पाय उचलून खाली घेतला, हँडल एकदा घट्ट धरलं अन् सोडून देलं. चार पोट्टे गाडी ढकलत तोरणाखालून घेऊन गेले, मामाजी मांगून चालत. मले पाहून म्हणे, "लय चांगलं केलं, जवाई." इतकंच. त्यायच्या आवाजात काही होतं का नाही, मले नाही माहीत.

पुढच्या बजाराले मी टोल्यायची वाट पाह्यली. चहा सांगून ठेवला, तो गार झाला. म्हटलं पाऊस असन, निंदण असन. त्याच्या पुढच्या बजारालेबी तेच. रात्री जेवता जेवता म्या म्हटलं, "मामाजी दिसले नाही."

पुष्पानं पोळी आपटली ताटात. "कसे येतीन? गुडघ्यानं?"

"ऑटो येते ना तांड्यावरून."

"त्यायनं जिंदगीत कधी ऑटोत पाय ठेवला का? तुमच्या टिनाखाली तीन गाड्या उभ्या हायेत, एक तरी नेली का घ्याले?"

"रस्त्यानं चिखल किती आहे!" म्या म्हटलं. "अन् येझदीच्या ब्रेकचे लायनर जुने हायेत, भेटत नाही आता."

तिनं भाजीचं भांडं उचललं अन् आत गेली.

अन् त्याच्या पुढच्या बजाराले दुकानासमोर दोन सिलिंडरचा आवाज आला. मारेगावची राजदूत! सुनील चालवत होता, अन् मांगं मामाजी, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, एक हात सुनीलच्या खांद्यावर. उमरखेडवरून तो पोट्टा निंघाला, आर्णीवरून तांड्यावर गेला, मामाजीले घेतलं अन् परत आर्णीले आला. टाकीवर चिखलाचे शिंतोडे. सायलेन्सरवर चिखल. इतक्या मोलाची गाडी, अन् त्याले काही वाटून नाही राह्यलं!

मामाजी स्टुलावर बसले. तोंड पोरासारखं खुललं होतं. "काय पळते हो ही! डोळ्यातून पाणी आलं." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "जवाई, आयका आवाज. काही वेगळा वाटते का?"

हे बोलणं आमचं होतं. माह्या दुकानातलं, माह्या स्टुलावरचं, डिझल बुलेटचं. अन् ते त्यायनं याच्या गाडीसाठी वापरलं!

"डाव्या सिलिंडरचा प्लग गेला आहे," म्या म्हटलं. प्लग चांगला होता.

सुनील म्हणे, "खरंच का साडूभाऊ?" अन् वाकून पाहू लागला.

"मले तं चांगला वाटला," मामाजी म्हणे, अन् चहा बशीत ओतला.

मंग दोघं बजाराले गेले. जाताना मामाजीचा हात पुन्हा त्याच खांद्यावर. जवाई होऊन इतकी वर्ष झाली, पण त्यायचा हात कधी माह्या खांद्यावर पडला नाही. पडन कसा? मी त्यायले कधी मांगं बसवलंच नाही. मांगं बसवाची गरजच काय होती, त्यायची गाडी होती ना!

त्याच आठवड्यात किसनराव नाईकाचा निरोप आला. गाडी देवाच्या ओट्यावर टिनाखाली उभी केली आहे, नुसती उभी राहून इंजिन आखडन. बसाचं नाही, पण बाजूले उभं राहून चालू कराले हरकत नाही. अन् हे काम रामलाललेच जमते, तं दर बजाराच्या सकाळी त्यायनं यावं.

म्या इचार केला, हेच बरं झालं. येझदी बाहेर काढली. होय, काढली! लायनर गेले तं गेले. पुष्पा दारात उभी राहून पाह्यत होती, हासली नाही पण पदराले हात पुसत राह्यली. चिखलाच्या रस्त्यानं, खड्डे चुकवत मी तांड्यावर पोहोचलो. डोक्यात एकच. सुनीलच्या आधी मामाजीले मांगं बसवाचं अन् बसस्टँडसमोरून असं हळू न्यायचं की साऱ्या आर्णीनं पाह्यलं पाह्यजे.

मामाजी ओट्यावरच भेटले. गाडीजवळ दगडावर बसले होते. नवं धोतर, डोक्याले फेटा, हातात पिशवी. मी झूल थोडी सरकवली, खुटी दाबली, हवा मोकळी केली अन् बाजूनं किक मारली. पहिल्या किकेत नाही लागली, दुसरीत लागली. टोल्यामांगं टोला. घुंगरं सारे थरथर वाजू लागले. मामाजी उठून आले अन् त्यायनं टाकीवर तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवते तसा.

म्या म्हटलं, "मामाजी, चला. आज माह्या येझदीवर बसा."

त्यायनं येझदीकडं पाह्यलं. चिखलानं भरली होती ती. "तुमी ही बाहेर काढली?" म्हणे.

"तुमच्यासाठी काढली."

मामाजीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मंग म्हणे, "नाही जवाई. सुनील निंघाला आहे उमरखेडवरून. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन केलता त्यानं, 'मामाजी, आता बजाराले कसे जासान?' दोन बजार मीच नको म्हटलं. तांड्यात इतके लोक, पण ते त्यानं एकट्यानंच इचारलं. आता त्याले नाही कसं म्हणू?"

"तं मी बी येतो, मांगं मांगं."

"तुमी कायले?" ते म्हणे. आवाज शांत होता. "गराशा चालू करून सोडून जात नाही. इंजिन चांगलं तापू द्या. त्याच्यापाशी घरचा माणूस पाह्यजे, अन् तुमीच तं त्याले देवाले सोडलं."

तेवढ्यात नाल्याकडून दोन सिलिंडर आयकू आले. सुनीलनं गाडी ओट्यापाशी थांबवली, चष्मा वर केला. "राम राम, साडूभाऊ!" म्या मान हालवली. मामाजीनं पिशवी हँडलले अडकवली, पायडलवर पाय देला, सुनीलचा खांदा धरला अन् बसले. गुडघ्यानं एकदा त्रास देला तं सुनील मांगं हात करून म्हणे, "हळू, मामाजी." गाडी वळली अन् नाल्याकडं गेली.

मी झुलीपाशी उभा राह्यलो. सीट रिकामी होती, बसाले कोणाले मुभा नव्हती. इंजिन टोले देऊन राह्यलं होतं, एकसारखं, जवान. मी कान लावून आयकलं. काही वेगळं नव्हतं, पण इचाराले कोणी नव्हतं.